युरोपात गाडी चालवताना पाट्या वाचायच्या कशा

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून वर्षभरासाठी मिळतं आणि त्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. त्यामुळे म्युनिक किंवा मिलानच्या विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली हातात पडते तेव्हा सोबत असतात ती लर्निंग लायसन्सच्या वेळी पाठ केलेली चिन्हं, तीही आठवत असली तर.

ती आठवत असतील तर निम्मं काम झालं. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्नात रस्त्यावरच्या चिन्हांचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे भारतही त्यात सामील झाला. म्हणूनच धोक्याचा त्रिकोण, वेगमर्यादेचं लाल कडेचं वर्तुळ, आठ कोनी स्टॉप या गोष्टी पुण्यात आणि पॅरिसमध्ये सारख्याच दिसतात. आपली फसगत होते ती दुसऱ्या तीन ठिकाणी: चौकात आधी कोण जाणार हे सांगणारी चिन्हं, एकदाच दिसून पुढे कितीतरी किलोमीटर लागू राहणारी ‘झोन’ची पाटी, आणि मुख्य चिन्हाखालची छोटी आयताकृती पाटी. पुढचा सगळा मजकूर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली आणि फ्रान्स या पाच देशांपुरता आहे. स्वतः गाडी चालवत युरोप बघणारी आपली मंडळी बहुतेक याच पट्ट्यात फिरतात.

आकार आणि रंग

चित्र कळलं नाही तरी आकार आणि रंग बरंच काही सांगून जातात. टोक वर असलेला लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध राहा. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा. भरीव निळं वर्तुळ म्हणजे सक्ती. निळा चौकोन किंवा आयत म्हणजे माहिती.

एकच आकडा तीन प्रकारे लिहिलेला दिसतो, तिथे हा फरक नीट बघा. लाल कडेच्या वर्तुळात ६० म्हणजे त्याहून जास्त वेग नको. निळ्या वर्तुळात ६० म्हणजे त्याहून कमी वेग नको. निळ्या चौकोनात ६० म्हणजे एवढा वेग बरा, फक्त सल्ला. जर्मनीच्या सीमेवर निळ्या चौकोनात १३० दिसतो तो हाच. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती महामार्गावर, जिथे मर्यादेची पाटी नाही तिथला तो सुचवलेला वेग आहे.

निळ्या वर्तुळात सायकल किंवा पायी चालणारा माणूस दिसला की ‘इथे सायकलीही चालतात’ असा अर्थ लावू नका. तो मार्ग फक्त त्यांचाच आहे, गाडी घालायची नाही. निळ्या वर्तुळातला बाण म्हणजे त्याच दिशेला जाण्याची सक्ती; निळ्या आयतातला किंवा चौकोनातला पांढरा बाण बहुधा एकेरी रस्ता दाखवतो.

लाल कडेचं पांढरं वर्तुळ, आत काहीच नाही. ही पाटी रिकामी राहिलेली नाही, कुणी चित्र काढायला विसरलेलं नाही. सगळ्या वाहनांना बंदी असा तिचा अर्थ आहे, आणि इटलीतले सर्वात महागडे दंड याच पाटीपाशी होतात. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

काळ्या तिरप्या रेघा ओढलेलं पांढरं वर्तुळ म्हणजे आतापर्यंतची वेगाची आणि ओव्हरटेकिंगची बंधनं संपली. बंधनं संपली तरी कायदा संपत नाही. त्या प्रकारच्या रस्त्याची मूळ मर्यादा लागू होते. जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ती १०० आहे, स्वित्झर्लंडमध्ये ८०.

आधी कोण जाणार

आपल्याकडे चौकात कुणी आधी जायचं हे नजर, हॉर्न आणि हिंमत ठरवते. तिकडे ते पाटी ठरवते, आणि समोरचा पाटीवर इतका विसंबून असतो की त्याचा हक्क असेल तर तो वेग कमीसुद्धा करत नाही. म्हणून वेळ थोडाच असेल तर बाकी सगळं सोडा, पण एवढी सहा चिन्हं घोटून घ्या.

पहिलं, कोनावर उभा केलेला पिवळा चौकोन, भोवती जाड पांढरी कड. तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि पुढच्या प्रत्येक चौकात आधी जाण्याचा हक्क तुमचा. भारतीय चालकाला याची ओळख नसते. अमेरिकेत गाडी चालवायची सवय असलेल्यांना तर तो उलटाच वाटतो, कारण तिथे पिवळा चौकोन धोक्याची सूचना देतो. न्यू जर्सीहून आलेला भाचा जर्मनीत या पाटीपाशी ब्रेक मारू लागला तर मागच्या गाडीवाल्याचा गोंधळ होणार.

दुसरं, तोच पिवळा चौकोन, वर काळी तिरपी पट्टी. मुख्य रस्ता संपला, हक्क संपला. इथेच सर्वात जास्त चूक होते, कारण रस्ता दिसायला तसाच रुंद आणि सरळ असतो. ही पट्टी दिसली की पुढच्या चौकात उजवीकडे बघायला सुरुवात करा.

तिसरं, लाल त्रिकोणात जाड उभा बाण आणि त्याला छेदणारी बारीक आडवी रेघ. हक्क तुमचाच, पण फक्त पुढच्या एका चौकापुरता. चौथं, लाल त्रिकोणात जाड फुली. पुढच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पाचवं, टोक खाली असलेला त्रिकोण: वाट द्या. सहावं, स्टॉप.

शेवटच्या दोघांचे आकार बाकी सगळ्यांपेक्षा वेगळे आहेत. बर्फाने चित्र झाकलं तरी ती ओळखू येतात आणि मागूनही ओळखता येतात. याचा एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. आपल्याला आपली पाटी दिसली नसेल, तर बाजूच्या रस्त्यावरच्या पाटीची पाठ बघायची. उलटा त्रिकोण किंवा आठ कोन दिसले, तर थांबायचं त्यांनी.

आणि काहीच पाटी नसेल तर? मग उजवीकडून येणारा आधी. जर्मनीत ३० च्या झोनमधल्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर हाच नियम असतो, फ्रान्समधल्या जुन्या गावांतही तो भेटतो. गंमत म्हणजे कागदावर हा नियम आपल्याकडेही आहे. १९८९ च्या रस्ता नियमांत उजवीकडच्याला वाट द्या असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तिकडे तो पाळला जातो, आणि तिथली भूमितीही वेगळी. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालताना उजव्या गल्लीतून निघालेली गाडी चौकात शिरताक्षणी तुमच्यासमोर येते, मधे अर्ध्या रस्त्याचं अंतर मिळत नाही. शिवाय कोपऱ्यावरची इमारत ती शेवटपर्यंत लपवते. म्हणून अशा वस्तीत प्रत्येक उजव्या तोंडापाशी पाय ब्रेकवर हवा, आपण सरळ जात असू आणि ती गल्ली अगदी किरकोळ दिसत असली तरीही. इंग्रजी ‘टी’सारख्या तिठ्यावरही हेच लागू आहे. पार्किंगमधून, घराच्या आवारातून किंवा शेतातल्या पायवाटेवरून बाहेर येणाऱ्याला मात्र हा हक्क नसतो.

जर्मनीत आणि ऑस्ट्रियात पिवळ्या चौकोनाखाली कधी कधी एक छोटी पांढरी पाटी असते, तिच्यावर एक जाड रेघ वळलेली आणि बाकीच्या रेघा बारीक. मुख्य रस्ता इथे वळतो. जाड रेघेवरून जाणाऱ्यांना हक्क, बारीक रेघेवरून येणाऱ्यांनी थांबायचं. त्या वळणाबरोबर जायचं असेल तर इंडिकेटर द्यायचा. मुख्य रस्ता सोडून नाकासमोर जायचं असेल तर द्यायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो.

सिग्नलच्या खांबावरही पिवळा चौकोन किंवा उलटा त्रिकोण लटकलेला दिसतो. सिग्नल चालू असेपर्यंत त्याच्याकडे बघायची गरज नाही. रात्री सिग्नल बंद असला किंवा नुसता पिवळा लुकलुकत असला की ती पाटी जिवंत होते. क्रम लक्षात ठेवा: पोलिसाचा हात, मग सिग्नल, मग पाटी, आणि यातलं काहीच नसेल तर उजवीकडचा आधी. लाल सिग्नलला उजवीकडे वळायची मुभा सरसकट नसते. जर्मनीत सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असेल तरच, तोही आधी पूर्ण थांबून. ऑस्ट्रियात हिरवा दिवा संपताना चार वेळा लुकलुकतो, तेव्हा घाईने घुसू नका.

गोल चौकात उजवीकडे वळून शिरायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. तोंडाशी उलटा त्रिकोण असतो, म्हणून आत फिरणाऱ्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. जर्मनीत शिरताना इंडिकेटर देत नाहीत, बाहेर पडताना देतात. पॅरिसमधल्या आर्क द त्रिऑम्फभोवतीच्या चौकात मात्र आत शिरणाऱ्यांचाच हक्क असतो. तिथे गाडी घेऊन जाऊच नका, मेट्रो आहे.

अरुंद पुलावर किंवा डोंगरातल्या रस्त्यावर दोन बाणांची पाटी दिसते. लाल कडेच्या वर्तुळात तुमच्या दिशेचा बाण लाल आणि समोरचा काळा असेल, तर तुम्ही थांबा. निळ्या चौकोनात तुमचा बाण पांढरा आणि समोरचा लाल असेल, तर समोरच्याने थांबायचं. कुठल्याही रंगसंगतीत लाल बाणवाला थांबतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

दिव्याच्या इशाऱ्याबद्दलही एक गोष्ट. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की ‘मी येतोय, बाजूला हो’. तिकडे चौकात किंवा अरुंद रस्त्यावर मारलेला डिपर बहुतेक वेळा ‘तुम्ही जा’ असं सांगतो. पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, आणि स्वतः तर मारूच नका.

गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादा

जर्मनीत पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव दिसलं की तिथून ५० सुरू. आकडा कुठेही लिहिलेला नसतो. फ्रान्समध्ये हीच पाटी पांढरी, लाल कडेची असते. इटलीत पांढऱ्यावर काळं नाव. गावाच्या नावावर तिरपी लाल रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं आणि बाहेरची मर्यादा लागू. बरेच कॅमेरे या पाटीनंतर लगेच असतात, म्हणून पाटी ओलांडून ब्रेक लावू नका. पाटीपाशी पोहोचताना काटा ५० वर हवा. स्वित्झर्लंड त्या मानाने सरळ आहे, तिथे ५० चा आकडा लिहिलेला असतो.

फ्रान्समध्ये गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ८०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ११०, मोटारवेवर (द्रुतगती महामार्गावर) १३०. काही जिल्ह्यांनी ८० चे पुन्हा ९० केले आहेत, पण तिथे पाटी असते. पाऊस पडत असेल तर मोटारवेची मर्यादा आपोआप ११० होते, वेगळी पाटी लावत नाहीत. इटलीत ९०, ११०, १३०. ऑस्ट्रियात साध्या रस्त्यावर १०० आणि मोटारवेवर १३०. स्वित्झर्लंडमध्ये ८० आणि १२०. ऑस्ट्रियात इन्सब्रुककडे जाणाऱ्या ए १२ वर १०० च्या आकड्याखाली ‘आय जी – एल’ अशी अक्षरं दिसतात. ही हवेच्या प्रदूषणासाठी लावलेली मर्यादा आहे. रस्ता रिकामा आणि हवा लख्ख असली तरी ती पाळावीच लागते.

लावलेली मर्यादा चौकानंतर संपते की नाही, याचे नियम देशोदेशी निराळे. फ्रान्समध्ये ती पुढच्या चौकाला संपते, जर्मनीत नुसत्या चौकाने संपत नाही. प्रवासी माणसाने यात डोकं घालू नये. नवा आकडा किंवा संपल्याची पाटी दिसेपर्यंत जुना आकडा पाळावा.

झोन: पाटी एकदाच, नियम शेवटपर्यंत

चौकोनी पांढऱ्या पाटीवर एखादं वर्तुळ आणि सोबत ‘झोन’ हा शब्द असेल, तर तो नियम त्या एका रस्त्यापुरता नाही. तीच पाटी करड्या रंगात, वर रेघा मारलेली दिसेपर्यंत सगळ्या गल्ल्यांना तो लागू राहतो. याचं टोकाचं उदाहरण व्हिएन्ना. १ मार्च २०२२ पासून जवळजवळ अख्खं शहर ठरावीक वेळेच्या पार्किंगचा झोन आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, जास्तीत जास्त २ तास. शहरात शिरताना पाटी लागते. गल्लीत गाडी लावताना आसपास पाटी दिसली नाही म्हणून ती जागा फुकट ठरत नाही.

निळ्या पाटीवर घर, खेळणारं मूल आणि गाडी असं चित्र असेल तर जर्मनीत माणसाच्या चालीच्या वेगानेच जायचं आणि आखलेल्या जागेतच गाडी लावायची. स्वित्झर्लंडमध्ये तशाच पाटीवर २० लिहिलेलं असतं आणि पायी चालणाऱ्याचा हक्क आधी.

आता इटलीचा झेड टी एल, म्हणजे झोना अ त्राफिको लिमितातो. फ्लोरेन्स, रोम, पिसा, बोलोन्या, जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराचा गाभा असा झोन असतो. तोंडाशी तेच रिकामं लाल कडेचं वर्तुळ, खाली वेळा, आणि वर कॅमेरा. बॅरिकेड नाही, पोलीस नाही, कुणी अडवत नाही. पुढची गाडी आत गेली म्हणून आपण जातो, पण ती रहिवाशाची असते. कॅमेरा नंबर टिपतो आणि यादीत नंबर नसेल तर दंड. 

काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक फलक असतो. त्यावर ‘वार्को आत्तीव्हो’ दिसलं की प्रवेश बंद आहे, ‘वार्को नॉन आत्तीव्हो’ म्हणजे आता जाता येईल. ‘आत्तीव्हो’ वाचून रस्ता चालू आहे असं वाटतं, प्रत्यक्षात चालू असतो तो कॅमेरा. हॉटेल झोनच्या आत असेल तर बुकिंग करतानाच विचारा: गाडीचा नंबर ते कळवतात का, कधीपर्यंत कळवायचा, आणि कोणत्या तोंडातून शिरायचं. किल्ली मिळाल्याशिवाय नंबर कळत नाही, म्हणून विमानतळावरूनच हॉटेलला मेसेज करा. त्याहून सोपं म्हणजे गाडी झोनबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून बॅगा ओढत जाणं. नकाशाच्या ॲपवर विसंबू नका. हॉटेलचा पत्ता टाकला की काही वेळा ते सरळ झोनमधूनच नेतं.

चिन्हाखालची छोटी पाटी

आकृती सगळ्यांना कळते, पण ती कुणाला, कधी आणि किती अंतरापर्यंत लागू आहे हे खालच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नुसतं ‘२०० मी’ म्हणजे ते बंधन २०० मीटर पुढे सुरू होईल. आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभे बाण असतील तर ते तेवढ्या लांबीपर्यंत आहे. ट्रकचं चित्र असेल तर ती मर्यादा फक्त ट्रकना. जर्मनीत ‘बाय नेसं’ म्हणजे रस्ता ओला असतानाच.

सर्वात कामाचे शब्द म्हणजे ‘सोडून’ सांगणारे. फ्रेंचमध्ये ‘सोफ’, इटालियनमध्ये ‘एच्चेत्तो’, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात ‘आउसगेनॉमन’. जर्मनीत याच अर्थाने शेवटी ‘फ्राय’ येतं. ‘आनलीगर फ्राय’ म्हणजे त्या रस्त्यावर ज्यांचं घर किंवा खरं काम आहे तेच जाऊ शकतात. तिथल्या हॉटेलात उतरला असाल तर चालेल, मधून जाऊन वेळ वाचवायला चालणार नाही. प्रवेशबंदीच्या लाल पाटीखाली सायकल आणि ‘फ्राय’ असेल तर सूट सायकलला आहे. फ्रान्समधलं ‘रापेल’ म्हणजे आठवण: आधी सांगितलेलीच मर्यादा अजून चालू आहे.

वारांच्या बाबतीत दोन खड्डे आहेत. जर्मनीतलं ‘वेर्कटाग्स’ म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यात शनिवार येतो. शनिवारी सुट्टी समजून गाडी लावलेले अनेक जण दंड भरतात. इटलीत शब्दांऐवजी चित्र असतं. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, शनिवारसकट. क्रूस म्हणजे रविवार आणि सणवार. हातोडे बघून रस्त्याचं काम चालू असेल आणि क्रूस बघून जवळ चर्च असेल, असा समज होणं साहजिक आहे.

आकड्यांतला स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. ‘२,१ मी’ म्हणजे दोन पूर्णांक एक मीटर. ऑटोबानवर काम चालू असताना डाव्या लेनवर अशी रुंदीची पाटी लागते आणि जर्मनीत ती आरशांसकट मोजतात. गाडीच्या कागदपत्रांतली रुंदी मात्र आरसे सोडून असते. भाड्याने मोठी एसयूव्ही घेतली असेल तर उजव्या लेनमध्येच राहा. काम चालू असताना पिवळे पट्टे पांढऱ्या पट्ट्यांवर मात करतात, दोन्ही दिसत असतील तर पिवळे पाळा.

सीमा ओलांडली की रंग बदलतात

दिशादर्शक पाट्यांच्या रंगांवर कुठलंही एकमत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये मोटारवे निळी. स्वित्झर्लंड आणि इटलीत मोटारवे हिरवी, आणि निळ्या पाट्या साध्या मुख्य रस्त्यांच्या. फ्रान्समध्ये हिरवी पाटी साध्या मुख्य रस्त्याची, जर्मनीत त्यासाठी पिवळी. फ्रायबुर्गहून बाझेलला उतरलात की तासभरात निळ्याचा अर्थ उलटतो. याचा फटका स्वित्झर्लंडमध्ये पैशात बसतो, कारण हिरव्या पाटीच्या रस्त्यावर चढण्याआधी विग्नेट, म्हणजे मोटारवेचं शुल्क भरल्याचा परवाना, हवं: ४० फ्रँक, वर्षभराचं, ऑगस्ट २०२३ पासून ऑनलाइनही. नसेल तर २०० फ्रँक दंड आणि वर विग्नेटची किंमत. स्विस गाडी भाड्याने घेतली तर ते बहुधा असतंच, जर्मनीत घेतलेल्या गाडीला ते आपल्यालाच घ्यावं लागतं. ऑस्ट्रियाचं वेगळं.

इटलीच्या टोलनाक्यावर वरची पाटी बघून लेन धरा. पिवळी ‘टेलेपास’ म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी फक्त यंत्रवाल्यांची, निळी कार्डाची, नोटा-नाण्यांचं चित्र असलेली पांढरी रोखीची. फ्रान्समध्ये हिरवा बाण सगळ्यांना चालतो, नारिंगी ‘टी’ (यंत्रवाल्यांची लेन) एकटाच असेल तिथे शिरू नका. चुकून शिरलात तर रिव्हर्स घ्यायचा नाही; लाल बटण दाबून मदत मागा. नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए १३ वर नाकेच काढले आहेत. तिथे ‘फ्लू लिब्र’ अशी पाटी दिसते आणि टोल ७२ तासांत ऑनलाइन भरायचा असतो.

गाडी लावताना

निळ्या वर्तुळाला लाल कड आणि एक लाल रेघ: पार्किंग नाही. दोन रेघांची फुली: थांबणंही नाही. जर्मनीत या पाटीवर छोटे पांढरे बाण असतात. रस्त्याकडे रोखलेला बाण म्हणजे बंदी इथून सुरू, रस्त्यापासून दूर रोखलेला म्हणजे इथे संपली.

जमिनीवरच्या पट्ट्यांचे रंगही वाचायचे असतात. इटलीत पांढरे फुकट, निळे पैशांचे, पिवळे राखीव. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या पट्ट्यात पोहोचल्याची वेळ दाखवणारी पार्किंगची निळी चकती लावायची, पिवळे खासगी. तिथलं झेब्रा क्रॉसिंगसुद्धा पिवळं असतं, त्याला पार्किंग समजू नका. चकती बहुधा दरवाजाच्या कप्प्यात असते, नसेल तर पेट्रोल पंपावर मिळते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये ती पोहोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावायची: १०:१० ला आलात तर काटा १०:३० वर, आणि परवानगी असलेला वेळ तिथून मोजायचा. मधेच येऊन काटा पुढे सरकवणं म्हणजे नियमभंग.

स्विस घाटात

निळ्या पाटीवर पिवळं पोस्टाचं शिंग दिसलं की तो पिवळ्या पोस्टबसचा डोंगरी मार्ग आहे. तिथे बसच्या ड्रायव्हरचा इशारा मानायचा. तो मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायचं. आंधळ्या वळणाआधी तो तीन सुरांचा हॉर्न वाजवतो. ऐकू आला की रुंद जागा बघून थांबा, कारण बसला वळणात दोन्ही बाजू लागतात. दोन सारख्या गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या घाटांसारखंच. निळ्या वर्तुळात साखळी गुंडाळलेलं चाक असेल तर बर्फाच्या साखळ्या लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर साखळ्या गाडी घेतानाच मागून घ्या.

आदल्या रात्रीची अर्ध्या तासाची तयारी

सगळा मार्ग पाठ करायची गरज नाही. विमानतळाच्या पार्किंगमधून बाहेर पडणारा पहिला किलोमीटर, मोटारवेवर चढण्याची जागा, आणि हॉटेलजवळचा शेवटचा किलोमीटर स्ट्रीट व्ह्यूमध्ये चालून बघा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा: इथे आधी जाण्याचा हक्क कुणाचा? उत्तर पाटीवर दिसतं. भाषांतराच्या ॲपमध्ये जर्मन, फ्रेंच आणि इटालियन ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. शेजारच्याने फक्त दोनच गोष्टी मोठ्याने सांगायच्या: पिवळा चौकोन आला की गेला, आणि वेगाचा आकडा. गप्पा मोटारवेवर माराव्यात.

जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे, म्हणून भाड्याची गाडी मर्यादा ओलांडली की टुकटुक करते. मदत म्हणून ती ठीक. पण ती शेजारच्या उतरत्या रस्त्याची पाटी आपली समजते, ट्रकसाठीचा आकडा गाडीला लावते आणि ‘ओलं असताना’ ही अट काही वेळा वाचतच नाही. तिचा आकडा आणि पाटीचा आकडा वेगळे निघाले तर पाटी खरी.

चूक झालीच तर

चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर तिथून जिथे जाता येतं तिथे जा आणि पुढे वळा. मोटारवेवर एक्झिट हुकला तर पुढचा घ्या. कधीही मागे येऊ नका. एक्झिटच्या आधी तीन, दोन आणि एक पट्टी असलेल्या छोट्या पाट्या येतात, जर्मनीत त्या ३००, २०० आणि १०० मीटरच्या. पहिली दिसेपर्यंत आपण उजव्या लेनमध्ये आलेलो हवे.

इटलीतला दंड परदेशी पत्त्यावर ३६० दिवसांपर्यंत पाठवता येतो, त्यामुळे पत्र आलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. आधी कार्डावरून एक रक्कम कापली जाते. ती गाडी भाड्याने देणाऱ्याची, तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दलची फी असते, दंड नव्हे. दंडाची नोटीस नंतर वेगळी येते आणि ती मिळाल्यापासून ५ दिवसांत भरली तर ३० टक्के सूट मिळते. गाडीचा नंबर, भाड्याचा करार आणि हॉटेलने नंबर कळवल्याचा मेसेज निदान वर्षभर जपून ठेवा. झोनच्या आतलं हॉटेल नंबर कळवायला विसरलं असेल, तर दाद मागताना तोच मेसेज दाखवावा लागतो.